दाराचा पिक्चर

सुनीतीबाईंना पुस्तकं, पिक्चर आणि गाणी या तिन्ही बाबतींत ठाम मतं होती, आणि ऐकायला घरात कोणी नसलं तर त्या ती भाजीवालीलाही ऐकवत. भाजीवाली बिचारी "हव दीदी, हव दीदी" म्हणत हो ला हो करत मेथीच्या जुड्या पुढे सरकवायची. पुस्तक जेवणानंतर आडवं पडून वाचू नये. झोप लागते आणि कंटाळवाणेपणाचा आळ लेखकावर येतो. गाणं भांडी घासताना ऐकलं तरी चालेल, पण मग भांडी हळू घासावीत. नवं गाणं एकदा ऐकून नाक मुरडू नये, कारण आज ज्यांच्यावर जीव टाकतो त्यातली निम्मी गाणी आपल्याला पहिल्यांदा आवडलीच नव्हती. आणि पिक्चर बघायला बसलं की घर पेटल्याशिवाय उठू नये.

पण या सगळ्यांच्या वर एक नियम होता. शेवटाला हात लावायचा नाही. नात देवश्री कधी रडका शेवट आला की मोबाईल बंद करायची आणि म्हणायची, "आजी, मैं तो यहीं तक मानती हूँ." मग सुनीतीबाई चष्मा काढून तिच्याकडे बघत.

"तू मानणारी कोण? ज्यानं बनवला त्याले ठाऊक का नाही कुठं थांबायचं? आपल्याले आवडला नाही म्हणून शेवट बदलवायचा म्हणजे दुसऱ्याच्या पोट्ट्याचं नाक ओढून सरळ करणं."

आता गंमत अशी, की हे एवढं ठणकावून सांगणाऱ्या बाईनं स्वतः एकदा एका पिक्चरचा शेवट बदलला होता. एकदाच. आणि तो असा बदलला होता की त्यावर एका माणसाचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

त्यासाठी जरा मागे जायला हवं, रायपूर अजून राजधानी झालं नव्हतं तेव्हाच्या पुरानी बस्तीत. सुनीतीबाईंचं सासर भोसल्यांच्या काळात इथे आलेलं. मूळ पुरुष कशासाठी आला हे विचाराल तर दर पिढीत नवं उत्तर मिळायचं, पण त्यानंतर त्या घरातलं कोणी रायपूर सोडून गेलं नाही हे मात्र खरं. सुनीतीबाईंचे यजमान रेल्वेत, आणि पिक्चरचे इतके शौकीन की नवा पिक्चर लागला आणि हे दोघं गेले नाहीत असं कधी झालं नाही. गल्लीतल्या बाकीच्या बायकांना ते सुख नव्हतं. कोणाची सासू आडवी यायची, कोणाचा नवरा. सगळ्यांत कडक शेजारचे अनंतराव. कचेरीत मोठे बाबू, गंध लावल्याशिवाय पाणी पिणार नाहीत, आणि सिनेमा म्हणजे त्यांच्या मते संसाराला लागलेली वाळवी. त्यांची बायको सुशीला ही सुनीतीबाईंची जिवाभावाची मैत्रीण. तिनं टॉकीजचं दार आतून कधी पाहिलंच नाही.

मग सुनीतीबाई पिक्चर सांगायच्या. दुपारी, हातात काही निवडायचं-टिपायचं काम घेऊन बायका जमल्या की पहिल्या पाटीपासून सुरुवात. गाणी म्हणून दाखवायच्या; कडवं विसरलं तर आपलं जोडून द्यायच्या आणि तसं कबूलही करायच्या. मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्याही अशाच सांगून झाल्या. बायकांना नावं लक्षात राहत नसत, म्हणून गल्लीनं पिक्चरना आपली नावं दिली होती. टांग्याचा पिक्चर. दोन बहिणींचा पिक्चर. आंधळ्या मास्तरचा पिक्चर. सुशीला तर सगळ्यांत आधी येऊन बसायची आणि सगळ्यांत शेवटी उठायची. "मले थेटरात जायची काय गरज?" म्हणायची. "आमची सुनीती आहे ना."

थंडीत बड्या, उडदाचे सांडगे, घालायचा दिवस आला की हा कार्यक्रम सुनीतीबाईंच्या गच्चीवर व्हायचा. रात्री भिजवलेली उडदाची डाळ वाटायची, तिच्यात रखियाचा, म्हणजे आपल्या कोहळ्याचा, कीस घालून हाताने फेसायची आणि खाटेवर लुगडं पसरून त्यावर बोटभर उंचीच्या बड्या टाकत जायचं. तिकडचा एक समज आहे. बड्या वाळून पांढऱ्या राहिल्या तर घराला बरकत, लालसर पडल्या तर काहीतरी वाईट येणार. म्हणून बड्या घालताना भांडायचं नाही, रडायचं नाही आणि दुःखाची गोष्ट काढायची नाही. सुनीतीबाई त्या दिवसासाठी हसरे पिक्चर राखून ठेवत.

त्या वर्षी सुशीलाच्या घरात अवघड चाललं होतं. तिची एकुलती एक मुलगी मीनल हिनं एका साहू मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा सरळ, शाळेत शिक्षक, पण अनंतरावांनी जातीवरून दार बंद केलं. "या घरात तिले कोणी कडी काढायची नाही," असं त्यांनी एकदाच सांगितलं आणि ते एकदाच सांगणारे गृहस्थ होते. मीनल दर मंगळवारी दुपारी महामायेच्या देवळात येई, परत जाताना आईच्या घराची कडी वाजवी, जरा वेळ उभी राही आणि निघून जाई. अनंतराव तेव्हा कचेरीत असत. तरीही सुशीलानं कडी काढली नव्हती. मंगळवारची दुपार झाली की ती उठून मागच्या दारानं सुनीतीबाईंकडे येऊन बसायची. काहून, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या घराची कडी वाजलेली ऐकू येऊ नये म्हणून.

आणि त्या वर्षी बड्यांचा दिवस नेमका मंगळवारी आला.

सुनीतीबाईंनी त्याच रविवारी एक पिक्चर पाहिला होता आणि त्यात त्या इतक्या रडल्या होत्या की यजमान एक खुर्ची सोडून बसले. असा पिक्चर पोटात राहत नाही. गच्चीवर बायकांनी "नवं काय पाहिलं वहिनी" म्हणायचा अवकाश, यांनी सुरुवात केली. दुःखाचा भाग उद्यावर ठेवू असं मनाशी ठरवलं होतं खरं. पण सांगणाऱ्याला सांगण्याची नशा चढते. अर्ध्यावर आल्यावर त्यांना कळलं की आपण काय सांगून राहिलो. पिक्चरमध्ये एक मुलगी होती, घर सोडून गेलेली. बाप होता, दार बंद करणारा. आणि आई होती.

गच्चीवरच्या बायका डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुशीलाकडे पाहू लागल्या. थांबावं तर उघडंच पडणार. सुनीतीबाई पुढे सांगत राहिल्या. मुलगी येते. दाराशी उभी राहते. "आई" म्हणून हाक मारते. आई आत पाटावर बसलेली असते. ती उठते, दाराशी जाते, कडीला हात घालते…

पिक्चरमध्ये आतून बापाचा खोकला ऐकू येतो आणि आई हात मागे घेते. परत पाटावर जाऊन बसते. मुलगी नदीकडे चालत जाते, आणि सकाळी दाखवतात ते फक्त दार, आतून, कडी लावलेलं. हा शेवट. सुनीतीबाईंच्या मते त्या वर्षातला सगळ्यांत चांगला शेवट.

त्यांनी समोर पाहिलं. सुशीलाचा हात खाटेच्या वर तसाच थांबला होता आणि मुठीतली डाळ मनगटावरून ओघळत होती.

"…आणि कडी काढते," सुनीतीबाई म्हणाल्या.

"काढते?" सुशीलानं विचारलं.

"काढते न. बाप खोकलते आतून. खोकलू दे म्हणते आणि काढते."

सुशीला उठली. हात न धुता जिना उतरून गेली. तिच्या वाटणीच्या बड्या सुनीतीबाईंनी घातल्या.

संध्याकाळी अनंतराव घरी आले तेव्हा मीनल स्वयंपाकघरात जेवायला बसलेली होती. गल्ली कान लावून होती. पण आवाज झाला नाही. त्यांनी टोपी खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि आपल्या पाटावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." मुलीशी बोलायला त्यांना नातू व्हावा लागला, पण दार त्यानंतर कधी बंद झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुशीला नळावर म्हणाली, "त्या पिक्चरमधल्या बाईनं कडी काढली, तर मी काहून नाही काढायची?" सुनीतीबाईंनी घागर उचलली आणि म्हणाल्या, "हव." एवढंच. त्या एका हवच्या पुढे त्या कधी गेल्या नाहीत. गल्लीत त्या पिक्चरला नाव पडलं दाराचा पिक्चर.

वर्षं गेली. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याच्या तलावाभोवती दिवे लागले आणि संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढली. मीनल आणि तिच्या नवऱ्यानं तिकडच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला. अनंतराव गेल्यावर सुशीला तिथे राहायला आली. तिच्या सांगण्यावरून सुनीतीबाईंच्या मुलानंही त्याच सोसायटीत घर घेतलं. दोघी म्हाताऱ्या पुन्हा शेजारी आल्या, फक्त आता मध्ये लिफ्ट होती आणि तिची दोघींनाही भीती वाटायची.

देवश्रीला आजीचा नाद लागलेला. तिनं सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एकदा जुना पिक्चर दाखवायला सुरुवात केली आणि पिक्चरच्या आधी आजीला बोलायला बसवलं. सुनीतीबाई अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत बोलायच्या. खलनायकाला नेहमी चांगले कपडे काहून देतात. गाण्यात नायिका पाठमोरी असली की समजायचं, बाईला खरं दुःख आहे. कादंबरीत पाऊस फार पडू लागला की लेखकाला पुढचं सुचून नाही राहिलं. लोक हसायचे, आणि मग त्याच नजरेनं पिक्चर पाहायचे. या वयात आपल्याला ऐकायला एवढी माणसं जमतात याचा त्यांना मनापासून आनंद होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

एका संध्याकाळी देवश्री नाचत घरी आली. "आजी, अब की बार ऐसी पिक्चर मिली है ना! कोई नहीं दिखाता इसको." तिनं नाव सांगितलं आणि सुनीतीबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

"हा नको," त्या म्हणाल्या.

"क्यों? आप ही तो बोलती हो, सबसे अच्छा एंडिंग."

"दुसरा काही पाहा ना. हसण्याचा."

"आजी!"

निदान सुशीलाला नाव माहीत नव्हतं, एवढाच आधार होता. तोही दुसऱ्या दिवशी गेला. देवश्रीनं लिफ्टच्या बाजूला पोस्टर लावलं, त्यावर एक बंद दार आणि दारासमोर एक बाई. सुशीला त्या पोस्टरसमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, हा तर आपला दाराचा पिक्चर!" मग काय विचारता. सोसायटीतल्या प्रत्येक बाईला तिनं सांगितलं की जरूर या, सुरुवातीला रडाल, पण शेवटी आई कडी काढते. मीनलला म्हणाली, "तू तर येच."

सुनीतीबाईंनी मग जे काही केलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. आधी म्हणाल्या, त्या दिवशी मला बरं वाटणार नाही. मग म्हणाल्या, इंटरव्हलपर्यंत दाखवा, म्हाताऱ्या माणसांना बसवत नाही. मग देवश्री आंघोळीला गेलेली पाहून तिच्या लॅपटॉपसमोर बसून पिक्चर पुसून टाकता येतो का ते पाहिलं आणि चुकून कुठल्याशा ऑफिसला व्हिडिओ कॉल लावला. नियम शिकवणारी बाई कोणत्या थराला गेली पाहा.

पण त्यांची भीती खोटी नव्हती. सुशीलानं जन्मात एकच गोष्ट नवऱ्याच्या मनाविरुद्ध केली होती, आणि तिचा अभिमान तिला श्वासासारखा होता. तिला आता कळणार की ज्या बाईच्या बळावर आपण कडी काढली तिनं ती काढलीच नव्हती. मैत्रिणीनं आपल्याला बनवलं. या वयात तिचं बोलणं तुटलं तर दुसरी मैत्रीण कुठून आणायची? सुनीतीबाईंना रात्रभर झोप लागली नाही, आणि पुस्तकही हाती धरवलं नाही.

शनिवारी क्लबहाऊस भरलं. सुनीतीबाई बोलायला उभ्या राहिल्या. सांगून टाकावं असं त्यांनी ठरवलं होतं. समोर पहिल्या रांगेत सुशीला बसली होती, नवं पातळ नेसून, मीनलचा हात धरून. "पिक्चर बनवणारा एक असतो आणि सांगणारा दुसरा," त्या म्हणाल्या. "दोघांचं जमलंच पाहिजे असं नाही." आणि खाली बसल्या. एवढं छोटं भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं. देवश्री बुचकळ्यात पडली.

पिक्चर सुरू झाला. सुशीला प्रत्येक गोष्ट आधी सांगत होती. आता तो बाप टांग्यातून उतरेल. आता गाणं येईल. आणि तसंच होत होतं, कारण सुनीतीबाईंनी एक सोडून सगळं अचूक सांगितलेलं. गाणं आलं तेव्हा सुशीला हळूच कानाशी म्हणाली, "तुझं कडवं चांगलं होतं." मीनल चहाच्या तयारीला मागे गेली.

मुलगी दाराशी आली. हाक मारली. आई उठली, कडीला हात घातला. आतून खोकला आला. सुनीतीबाईंनी डोळे मिटून घेतले. जे बघायचं त्यांना तोंडपाठ होतं.

दिवे लागले. सगळ्या बायका सुशीलाकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, "काकी, आप तो बोल रही थीं कि दरवाज़ा खोलती है?"

सुशीला पडद्याकडेच पाहत होती. मग तिनं सुनीतीबाईंकडे पाहिलं.

"तिनं कडी काढलीच नाही?"

"नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "कधीच नाही."

"आणि तू मले सांगितलं, काढली."

"हव."

सुशीलाचे ओठ हलत होते, जणू ती त्या दिवसाचा हिशोब पुन्हा मांडत होती. सुनीतीबाईंना वाटलं, संपलं.

"म्हणजे," सुशीला सावकाश म्हणाली, "मी एकटीनंच काढली."

"अं?"

"मले वाटत होतं, त्या बाईनं आधी काढली, म्हणून मले जमलं. तिनं तर काढलीच नाही! ती परत पाटावर जाऊन बसली, येडी. मी काढली." तिनं सुनीतीबाईंचा हात घट्ट धरला. "खरं सांगितलं असतं ना सुनीती, तर मीबी बसूनच राहिली असती. म्हटलं असतं, एवढी मोठी पिक्चरमधली बाई कडी काढून नाही राहिली, तर मी कोण लागून गेली? बरं केलं तू. आता रडू नको. बड्या लाल पडतील."

सुनीतीबाई रडता रडता हसल्या. एवढं हलकं त्यांना किती वर्षांत वाटलं नव्हतं.

सुशीला मात्र आता बायकांकडे वळून बसली होती. जन्मभर जिनं फक्त ऐकलं ती बाई पाय वर घेऊन सांगायला लागली. "हा शेवट यांचा आहे. हमारे पारा में, आपल्या गल्लीत, दूसरा था. बैठो, सांगते." आणि मराठी-हिंदीची खिचडी करत तिनं सुरुवात केली. ती आई शेजारच्या गच्चीवर बड्या घालून राहिली होती. खाली मुलीनं कडी वाजवली. एकदाच वाजवते ती, मग जाते. आई मागच्या दारानं घरात धावली. मुलगी ओट्यावरून उतरून गेली तर? म्हणून हातही धुतले नाही. हात सगळे डाळीनं भरलेले, कडी घट्ट, हात सटकून राहिले…

हे आपण सांगितलं नव्हतं, सुनीतीबाईंच्या मनात आलं. पिक्चरमध्ये बड्या नव्हत्या, डाळ नव्हती, मागचं दार नव्हतं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे टोकलं असतं. आज त्यांनी फक्त ऐकलं.

मागे चहाचा ट्रे घेऊन मीनल केव्हाची उभी होती. तिचेही केस आता पांढरे झाले होते. त्या दुपारी दार काहून उघडलं हे आईनं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"कडीले डाळ लागली होती, आई," ती म्हणाली. "तू पाणी आणायले आत गेली ना, तेव्हा मी पुसली. बाबा यायच्या आधी."